तास वाजण्याआधीची काही मिनिटे

टोकियोच्या मिनातो विभागात शिओदोमे नावाचा उंच इमारतींचा परिसर आहे. निप्पॉन टेलिव्हिजन या खासगी वाहिनीचे मुख्यालय तेथेच असून त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, दुसऱ्या मजल्याच्या चौकासमोर, तांबे आणि पोलाद यांचे एक अवाढव्य घड्याळ बसवलेले आहे. त्याची रुंदी सुमारे १८ मीटर आणि उंची सुमारे १२ मीटर, म्हणजे जवळजवळ तीन मजले. जगप्रसिद्ध जपानी ॲनिमेशनकार हायाओ मियाझाकी यांनी त्याचा आराखडा रेखाटला, धातुशिल्पकार कुनिओ शाचिमारू यांनी तो प्रत्यक्षात उतरवला आणि डिसेंबर २००६ मध्ये ते लोकांसमोर आले. जपानी भाषेत त्याचे नाव अगदी साधे आहे: ‘नित्तेरे ओदोकेई’, म्हणजे निप्पॉन टेलिव्हिजनचे मोठे घड्याळ.

या घड्याळाच्या तळाशी पक्ष्याच्या पंजासारखी नखे असलेले दोन जाडजूड पाय आहेत. मधोमध तबकडी आहे आणि तिच्याभोवती बुरूज, नळ्या, झरोके, चाके, तोफा आणि धातूच्या छोट्या छोट्या आकृत्यांची दाटी आहे. एकूण तीसहून अधिक ठिकाणी काही ना काही हलते. एरवी हे सगळे स्तब्ध असते आणि घड्याळ नुसती वेळ दाखवत राहते, पण दिवसातल्या ठरावीक तासांना ते जागे होते. दोन्ही बाजूंच्या तोफा आपल्या जागेवरून खाली सरकतात, लोहार हातोडे उचलू लागतात, चाके फिरतात, संगीत वाजते आणि मग तास पूर्ण होतो.

यातला ‘आणि मग’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घड्याळाचा हा खेळ तास वाजल्यावर सुरू होत नाही. तो तीन-चार मिनिटे आधी सुरू होतो आणि तासाच्या क्षणापाशी येऊन पोहोचतो. बहुतेक करमणुकीच्या घड्याळांत आधी टोला पडतो आणि नंतर बाहुल्या बाहेर येऊन नाचतात, म्हणजे तास हे निमित्त आणि नाच हा समारंभ. येथे क्रम उलटा आहे. येथे तास ही तयार करावी लागणारी वस्तू आहे आणि आतली मंडळी ती घडवण्यासाठी राबत आहेत. ही कल्पना चित्रकाराला सुचली असली तरी तिची मुळे यांत्रिक घड्याळाच्या रचनेत फार खोलवर आहेत, आणि ती समजून घ्यायची तर आधी जुने टोल्यांचे घड्याळ आतून कसे चालते ते पाहावे लागेल.

यांत्रिक घड्याळात एकमेकांपासून वेगळ्या दोन यंत्रणा असतात. पहिली वेळ मोजते. उंचावर टांगलेले वजन किंवा गुंडाळलेली स्प्रिंग दातेरी चाकांना सतत ढकलत असते आणि तिला मोकळे सोडले तर सगळी चाके काही सेकंदांत गरगर फिरून थांबतील. म्हणून शेवटच्या चाकापाशी एस्केपमेंट नावाचा अडसर असतो. लंबक एका बाजूला गेला की हा अडसर चाकाचा एकच दात पुढे जाऊ देतो आणि लगेच पुढचा दात अडवतो. घड्याळाची टिकटिक म्हणजे दात अडवला जाण्याचा हा आवाज. घड्याळाची सगळी करामत या थांबवण्यात असते. ढकलण्याचे काम एखादा दगडही करू शकतो.

दुसरी यंत्रणा टोले देते. तिला स्वतःचे वजन किंवा स्प्रिंग असते आणि ती बहुतेक वेळ कुलूप लावल्यासारखी बंद असते. एक ते बारा असे टोले मोजले तर बारा तासांत एकूण ७८ टोले पडतात. जुन्या पद्धतीत हा हिशेब एका चाकाच्या कडेवर खाचांच्या रूपाने कोरलेला असे. पहिली खाच जवळ, पुढची थोडी दूर, त्यापुढची आणखी दूर. तरफेचे टोक खाचेत पडेपर्यंत हातोडा वाजत राहतो, पडले की थांबतो. म्हणजे घड्याळाला आकडे मोजता येत नाहीत. पितळी चाकावर कुणीतरी आधीच मोजून ठेवलेले अंतर ते फक्त चाचपत जाते.

आता त्यातली खरी बारकाई पाहू. टोल्यांची यंत्रणा नेमक्या तासाला सोडायची म्हणजे मिनिटकाट्याच्या चाकाने एक तरफ हळूहळू उचलायची आणि बाराच्या आकड्यावर ती सोडून द्यायची. पण हळूहळू उचलली जाणारी वस्तू नेमक्या कोणत्या क्षणी कुलूप उघडेल याचा भरवसा नसतो. यावर घड्याळजींनी काढलेला उपाय असा, की काही मिनिटे आधीच कुलूप उघडायचे, यंत्रणेला किंचित पुढे सरकू द्यायचे आणि लगेच दुसऱ्या अडसराने धरून ठेवायचे. तासाच्या क्षणी हा दुसरा अडसर झटक्यात निसटतो आणि टोले सुरू होतात. ज्यांच्या घरी जुने भिंतीवरचे घड्याळ असेल त्यांनी तास पडायच्या काही मिनिटे आधी आतून येणारा ‘खट्ट’ असा हलका आवाज ऐकला असेल. तो त्या पूर्वतयारीचा आवाज आहे. टोले द्यायला घड्याळ नेहमीच आधीपासून सज्ज होत असते. ती सज्जता पेटीच्या आत झाकलेली असल्याने दिसत नाही, इतकेच.

शिओदोमेच्या घड्याळात तीच सज्जता भिंतीवर उलगडून दाखवली आहे, असे मला वाटते. जे ‘खट्ट’ एका क्षणात संपते त्याला तेथे मिनिटांचा अवकाश दिला आहे आणि एका लपलेल्या तरफेच्या जागी लोहार, चाके, तोफा अशी एक सबंध वस्ती कामाला लावली आहे. असा खेळ बसवताना वेळ उलट मोजावी लागते. शेवट बारा वाजून शून्य सेकंदांवर यायचा असेल, तर शेवटच्या घंटेला किती वेळ लागेल, त्याआधी तोफांना खाली यायला किती, त्याआधी हातोड्यांना किती, असे मागे मागे येत सुरुवातीचा क्षण ठरतो. सुरुवात आपोआप ठरते. हातात घट्ट धरायचा असतो तो शेवट.

वेळेचे असे तुकडे पाडणे हेच ॲनिमेशनकाराचे रोजचे काम असते. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. जपानी ॲनिमेशनमध्ये अनेकदा एकच चित्र तीन चौकटींपर्यंत धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रे पुरतात, आणि वेगवान हालचाल आली की चित्रांची संख्या वाढवतात. कोणते चित्र किती चौकटी टिकेल याचा उभा तक्ता असतो आणि पात्राचा स्वभाव बराचसा त्या तक्त्यात ठरतो. हातोडा उचलणारा माणूस थकलेला आहे की ताजातवाना, हे त्याच्या चेहऱ्यापेक्षा हातोडा वर जायला किती चौकटी लागल्या यावरून अधिक कळते.

धातूच्या बाहुलीला हाच तक्ता द्यायचा असेल तर त्यासाठी शेकडो वर्षांपासून वापरात असलेला भाग म्हणजे कॅम. कॅम म्हणजे फिरत्या दांड्यावर बसवलेली, पूर्ण गोल नसलेली चकती. तिच्या कडेवर एक तरफ टेकलेली असते. चकती फिरते तशी तिची कड कधी दांड्यापासून दूर जाते, कधी जवळ येते आणि तरफ त्याप्रमाणे वर-खाली होते. एक हिशेब करून पाहू. समजा, ही चकती दोन सेकंदांत एक फेरा पूर्ण करते. चित्रपटाच्या मापाने त्या ४८ चौकटी झाल्या, म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला साडेसात अंश आले. लोहाराने हातोडा सावकाश उचलावा यासाठी ३६ चौकटी दिल्या तर चकतीची कड २७० अंशांपर्यंत हळूहळू फुगत जाईल. हातोडा चार चौकटींत कोसळायला हवा असेल तर पुढच्या ३० अंशांत कड एकदम आत येईल. उरलेल्या आठ चौकटी, म्हणजे ६० अंश, कड दांड्यापासून सारख्याच अंतरावर राहील आणि लोहार क्षणभर थांबेल. या मापांनी पत्रा कापला तर शंखाच्या वळणासारखा एक आकार मिळतो. त्या आकारात लोहाराची चाल कायमची साठवलेली असते. ॲनिमेशनकाराचा तक्ता आणि कारागिराची चकती या दोन्ही गोष्टी एकच प्रश्न सोडवतात: कोणत्या क्षणी हात कोठे असावा.

फरक येतो तो वजनामुळे. कागदावरचा हातोडा चार चौकटींत खाली आणायला काहीच खर्च येत नाही. खराखुरा धातूचा हात तेवढ्या वेळात खाली आणला तर तो थांबवताना धक्का बसतो, जोड सैल होतात, दांडा वाकतो, आणि हीच क्रिया दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे करायची असते. म्हणून यांत्रिक आकृतीत आघाताचा आभास निर्माण करावा लागतो. हात मागे नेण्याची तयारी ठळक दाखवायची, प्रत्यक्ष पडणे थोडे मऊ ठेवायचे, आणि आवाज व प्रकाश यांनी उरलेला जोर भरून काढायचा. कृतीपेक्षा कृतीच्या तयारीकडे प्रेक्षकाचे लक्ष अधिक असते, हा ॲनिमेशनमधला जुना अनुभव येथे उपयोगी पडतो.

मियाझाकी यांचा जन्म १९४१ मध्ये टोकियोत झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या कुटुंबाचा लढाऊ विमानांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता. १९८५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या स्टुडिओ जिब्लीचे नावसुद्धा एका इटालियन विमानावरून घेतलेले आहे. त्यांच्या चित्रपटांतली यंत्रे चकाकत नाहीत. ती कण्हतात, वाफ सोडतात, त्यांना तेलपाणी करावे लागते आणि त्यांच्याभोवती नेहमी काम करणारी माणसे असतात. घड्याळ पाहिल्यावर अनेकांना २००४ साली आलेल्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ या चित्रपटातला चालता किल्ला आठवतो आणि ते साहजिक आहे, कारण पाय आणि एकमेकांवर चढलेल्या नळ्या-बुरुजांची ठेवण खरोखरच जवळची आहे. परंतु हे घड्याळ त्या किल्ल्याची प्रतिकृती नाही. किल्ला वाट फुटेल तिकडे चालत जातो. घड्याळाला मात्र एका जागी उभे राहून दररोज त्याच क्षणी पोहोचायचे असते, आणि त्यातली सगळी पात्रे या एका कामासाठी बेतलेली आहेत.

जपानमध्ये अशा वस्तूंची परंपरा मोठी आहे. १७९६ मध्ये होसोकावा हान्झो योरिनाओ यांनी ‘काराकुरी झुई’ नावाचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या भागात घड्याळे कशी करावीत ते सांगितले आहे आणि पुढच्या भागांत कळसूत्री बाहुल्या. एकाच ग्रंथात हे दोन विषय शेजारी येतात, कारण दोन्हींना लागणारी हत्यारे, चाके आणि हिशेब एकच होते. त्यातली चहा देणारी बाहुली सर्वांत प्रसिद्ध आहे. तिच्या हातातल्या तबकावर पेला ठेवला की हात किंचित दबतो, आतला अडसर सुटतो आणि ती पाहुण्याकडे चालू लागते. पेला उचलला की थांबते. रिकामा पेला परत ठेवला की वळून यजमानाकडे जाते. तिला चालवणारी स्प्रिंग व्हेल माशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांपासून केलेली असे. म्हणजे अडसर, सुटका आणि कॅम हे तिन्ही भाग घड्याळातून उचलून बाहुलीत बसवले होते.

जुन्या जपानी घड्याळांची अडचणही वेगळीच होती. तेथे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे सहा भाग करीत आणि रात्रीचेही सहा. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांबे, हिवाळ्यात आखडे. युरोपातून आलेले यंत्र मात्र सारख्याच चालीने चालत राहणारे. जपानी कारागिरांनी लोकांचे काळमान तसेच ठेवले आणि यंत्राला त्याप्रमाणे वळवले. घड्याळाची चाल ठरवणाऱ्या आडव्या दांडीवर छोटी वजने असत, ती आत किंवा बाहेर सरकवली की घड्याळ जलद किंवा सावकाश चाले. पुढे दोन दांड्या आल्या, एक दिवसाची आणि एक रात्रीची, आणि त्यांची अदलाबदल यंत्रच करू लागले. या विद्येचा कळस तानाका हिसाशिगे यांनी १८५१ मध्ये पूर्ण केलेल्या ‘मान्नेन’ घड्याळात दिसतो. त्यात तासांच्या खुणा ऋतूप्रमाणे आपोआप जवळ-दूर सरकतात. याच तानाका यांनी पुढे काढलेल्या कारखान्यातून आजच्या तोशिबा कंपनीचा एक धागा येतो. त्यांनी धनुष्यबाण चालवणाऱ्या मुलाची बाहुलीही केली होती. त्या बाहुलीचा चेहरा लाकडाचा आणि स्थिर असला, तरी मान किती अंशांनी आणि केव्हा झुकते यावरून पाहणाऱ्याला एकाग्रता, चिंता, समाधान असे सर्व दिसते. मियाझाकी यांच्या लोहारांचे पूर्वज शोधायचे झाले तर मला ते येथे सापडतात.

ज्या जागेवर हे घड्याळ उभे आहे तिचाही वेळेशी जुना संबंध आहे. जपानची पहिली रेल्वे १४ ऑक्टोबर १८७२ रोजी शिम्बाशी आणि योकोहामा यांच्यामध्ये सुरू झाली आणि ते मूळ शिम्बाशी स्थानक आजच्या शिओदोमे परिसरातच होते. सुमारे २९ किलोमीटरचा प्रवास ५३ मिनिटांत होई. त्या काळी शहरात सूर्यावर बेतलेले लांब-आखूड तासच चालू होते, पण रेल्वेला मिनिटे लागत होती. १ जानेवारी १८७३ पासून जपानने सौर दिनदर्शिका स्वीकारली आणि तिच्याबरोबर वर्षभर सारखेच राहणारे चोवीस तासही आले. पुढे १९१४ मध्ये प्रवासी स्थानक दुसरीकडे गेले आणि येथे मालधक्का राहिला. १९८६ मध्ये तोही बंद झाला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर आजच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. मूळ स्थानकाची इमारत त्याच जागी पुन्हा बांधलेली आहे आणि घड्याळापासून पायी काही मिनिटांत तेथे जाता येते.

निप्पॉन टेलिव्हिजनने २८ ऑगस्ट १९५३ रोजी जपानमधले पहिले खासगी दूरचित्रवाणी प्रसारण सुरू केले. त्या दिवशी दाखवलेली देशातली पहिली जाहिरात घड्याळे बनवणाऱ्या सेइकोशा कंपनीची होती आणि ती वेळ सांगणारी होती. घरोघरी संच नव्हते, म्हणून वाहिनीने रस्त्यांवर आणि चौकांत संच बसवले आणि त्यांच्यासमोर लोकांची गर्दी होऊ लागली. चौकात जमून वर पाहणाऱ्या त्या गर्दीचा वारसा पन्नासहून अधिक वर्षांनी या घड्याळाकडे आला. जिब्लीशी वाहिनीचे नाते १९८० च्या दशकापासूनचे आहे आणि २०२३ मध्ये तर हा स्टुडिओ तिची उपकंपनी झाला.

आता तांब्याविषयी, कारण कागदावरची रेषा खरी झाली ती तांब्यामुळे. शाचिमारू हे पत्रा ठोकून शिल्प घडवणारे कलावंत आहेत. मिताका येथील जिब्ली संग्रहालयाच्या गच्चीवर उभा असलेला सुमारे पाच मीटर उंचीचा यंत्रसैनिकही त्यांनीच घडवला. घड्याळासाठी हजाराहून अधिक तांब्याचे पत्रे हाताने ठोकून आकाराला आणले गेले. आपल्याकडे पुण्याच्या तांबट आळीत घागरी आणि बंब मठारताना जी क्रिया होते, तीच ही क्रिया, फक्त येथे तिचा आवाका इमारतीएवढा आहे. तांबे ठोकले की पसरते आणि त्याचबरोबर कडक होत जाते. आणखी ठोकले तर चिरते. म्हणून मधूनमधून ते तापवून लाल करावे लागते, त्याने आतली रचना पुन्हा सैल होते आणि पत्रा परत नरम पडतो. ठोकणे आणि तापवणे असे अनेक फेरे झाल्यावर वळण तयार होते. शेवटच्या फेऱ्यानंतर मात्र मुद्दाम तापवत नाहीत, कारण आता तो कडकपणाच हवा असतो. पातळ पत्र्याचा बुरूज स्वतःचा आकार धरून राहतो तो त्या शेवटच्या घावांमुळे. हातोड्याच्या खुणा पृष्ठभागावर राहतात आणि त्यांच्यामुळे सपाट प्रकाशातही धातू जिवंत दिसतो. लोहारांना कामावर दाखवणारे शिल्प स्वतःही हातोड्यानेच घडलेले असावे, ही जुळणी मला फार आवडते.

पत्र्याच्या आत सगळा भार पेलणारा सांगाडा पोलादाचा असतो आणि हे दोन धातू एकत्र नांदवणे सोपे नसते. तापमान एक अंशाने वाढले तर एक मीटर तांबे साधारण १७ सहस्रांश मिलिमीटर वाढते आणि पोलाद सुमारे १२. टोकियोतला हिवाळा आणि भर उन्हाळ्यात तापलेली भिंत यांत ३० अंशांचा फरक धरला, तर दहा मीटर लांबीत तांबे सुमारे ५ मिलिमीटर वाढेल आणि पोलाद साडेतीनच्या आसपास. हा दीड मिलिमीटरचा फरक नगण्य वाटेल, पण पत्रे सगळीकडून घट्ट जखडले तर तेवढ्यानेही ते फुगतील किंवा जोड तुटतील, म्हणून अशा बांधणीत पत्र्याला थोडे सरकायला जागा ठेवावी लागते. दुसरा धोका पाण्याचा. तांबे आणि पोलाद एकमेकांना टेकले आणि त्यांच्यात पावसाचे पाणी शिरले की एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात पोलाद झपाट्याने गंजते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात तांब्याचा पत्रा आणि लोखंडी सांगाडा यांच्यामधले आवरण झिजल्यावर हेच झाले होते आणि १९८० च्या दशकात आतल्या पट्ट्या बदलाव्या लागल्या होत्या. तांबे मात्र स्वतःला सांभाळते. आधी ते तपकिरी होते, मग पुष्कळ वर्षांनी हिरवट, आणि हा थर खालच्या धातूचे रक्षण करतो.

आज वेळ मोजण्यासाठी एवढ्या खटाटोपाची गरज उरलेली नाही. साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि तेवढे कंप मोजले की एक सेकंद होतो. त्याहून अचूक वेळ हवी असेल तर जपानमध्ये फुकुशिमा आणि क्यूशू येथून प्रमाणवेळेचे रेडिओ संदेश सतत प्रसारित होतात आणि घरातली घड्याळेही ते ऐकून स्वतःला दुरुस्त करतात. मोठ्या कळसूत्री घड्याळांत हल्ली कामाची विभागणी स्पष्ट असते: वेळ विद्युत यंत्रणा सांगते, हालचाल मोटरी करतात आणि कोणत्या सेकंदाला कोणती मोटर चालावी हे नियंत्रक ठरवतो. एकाच दांड्यावर सगळे कॅम असले की त्यांचा मेळ कधीच चुकत नाही. मोटरी वेगवेगळ्या असल्या तर प्रत्येक आकृती मूळ जागी परत आली की नाही हे तपासणारे स्पर्शक लागतात, नाहीतर दररोज थोडा थोडा फरक साचत जाऊन महिन्याभरात लोहार ऐरणीशेजारी हातोडा मारू लागेल.

मग सार्वजनिक घड्याळाने करायचे काय, हा प्रश्न जपानने गंभीरपणे घेतलेला दिसतो. टोकियोच्या युराकुचो येथे १९८४ मध्ये मारिओन इमारतीवर बसवलेले घड्याळ तासाला उघडते आणि आतल्या बाहुल्या घंटा वाजवतात. मात्सुयामा शहरात, दोगोच्या गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ, १९९४ पासून एक घड्याळ आहे. ते तासाला उंच होत जाते आणि त्यातून एका प्रसिद्ध कादंबरीतली पात्रे बाहेर येतात. युरोपात ही प्रथा कितीतरी जुनी आहे. प्रागच्या १४१० च्या खगोलीय घड्याळावर सांगाड्याच्या रूपातला मृत्यू घंटेची दोरी ओढतो आणि वरच्या खिडक्यांतून धर्मदूत सरकत जातात. म्युनिकच्या १९०८ च्या घड्याळावर पिंप बनवणारे कारागीर नाचतात. प्रागचे घड्याळ माणसाला त्याच्या अंताची आठवण देते, म्युनिकचे नगराच्या इतिहासातला उत्सव दाखवते. कारागीर म्युनिकलाही आहेत, पण ते काम सोडून नाचायला आलेले आहेत. शिओदोमेचे लोहार कामावर आहेत, आणि वेळ म्हणजे कुणाच्या तरी श्रमातून उभी राहणारी गोष्ट, असे इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे सार्वजनिक घड्याळ मला ठाऊक नाही.

ते पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. शिम्बाशी स्थानकातून चालत जाता येते आणि शिओदोमेचे भुयारी रेल्वेस्थानक तर अगदी जवळ आहे. दुपारी १२, १ आणि ३, संध्याकाळी ६ आणि रात्री ८ या वेळा प्रचलित आहेत, शनिवारी-रविवारी सकाळी १० चाही खेळ असतो, आणि वेळा बदलू शकत असल्याने जाण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. तासाच्या ठोक्याला पोहोचलेल्या माणसाला फक्त शेवट मिळतो, म्हणून निदान पाच मिनिटे आधी जावे. १८ मीटरची रुंदी जवळून एका नजरेत मावत नाही, तेव्हा पहिल्यांदा पाहताना चौकात मागे सरकून उभे राहावे आणि दुसऱ्या वेळी पुढे जाऊन एकाच आकृतीवर, शक्यतो एखाद्या लोहारावर, नजर ठेवावी. हातोडा वर जायला किती वेळ घेतो आणि खाली यायला किती, हे मनात मोजले की त्यामागची चकती कोणत्या आकाराची असावी लागेल याचा अंदाज बांधता येतो.